गाडी किती देते? एका जुन्या यादीचा इतिहास

आमच्या भुसावळात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "किती देते भाऊ?" रंग, सीटा, म्युझिक सिस्टिम वगैरे सगळं नंतर. उत्तर काहीही द्या, समोरच्याची गाडी दोन किलोमीटर जास्तच देणार हे ठरलेलं. आणि मग फुकटचे सल्ले सुरू होतात. सकाळी गाडी पाच मिनिटं गरम करायची. एअर फिल्टर झटकत राहायचा. ट्यूनिंग करून घ्यायचं. उतार लागला की न्यूट्रल टाकायचा. टायरची हवा बघायची. पन्नासच्या वर जायचं नाही.

ही यादी तुम्हीही ऐकली असेल. काकांकडून, गॅरेजवाल्याकडून, नाहीतर पेट्रोल पंपावरच्या फलकावरून. मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड वाचत बसतो (पोटापाण्याचा धंदाच तो!). त्यात अधूनमधून एखादी कमेंट सापडते, "ही ओळ काढू नका, सिस्टिम बंद पडेल." लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, सिस्टिमही बदललेली असते, पण कमेंट आपली जागेवर. मायलेजच्या टिपांचं अगदी तसंच झालंय. यातली प्रत्येक टीप कधी ना कधी कुठल्या तरी यंत्रासाठी खरी होती. प्रश्न एवढाच, की ते यंत्र आज तुमच्या बॉनेटखाली आहे का? काही टिपा आता निरुपयोगी झाल्यात. एक तर चक्क उलटी झालीय, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून म्हटलं, या यादीचा इतिहास एकदा नीट मांडावा.

आधी कोळसा

मोटार यायच्या कितीतरी आधी भुसावळला इंधन म्हणजे कोळसा. जी.आय.पी. रेल्वेची मुंबईहून आलेली लाईन भुसावळला दोन फाट्यांत विभागते. एक फाटा १८६७ साली नागपूरला पोचला, दुसरा खांडव्यावरून जाऊन १८७० साली जबलपूरला कलकत्त्याच्या लाईनला भिडला. गाव वाढलं ते या जंक्शनभोवती आणि वाफेच्या इंजिनांच्या शेडभोवती. माझे आजोबा तिथे फायरमन होते. ते सांगायचे, चांगला फायरमन ओळखायचा तर चिमणीकडे बघायचं. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा हवेत चाललाय. एकदम फावडी भरभरून कोळसा टाकला की आग गुदमरते. थोडा थोडा, पसरून टाकला की धूर पातळ राहतो आणि तेवढ्याच कोळशात जास्त वाफ मिळते.

ड्रायव्हरचंही तसंच. गाडीने वेग घेतला की सिलिंडरमध्ये जाणारी वाफ लवकर तोडायची आणि उरलेलं काम वाफेच्या प्रसरणावर सोडायचं. स्टेशन दिसायच्या आधीच रेग्युलेटर बंद करून गाडी नुसती वाहू द्यायची. तेच इंजिन, तोच कोळसा, तेवढेच डबे, पण खर्च मात्र फूटप्लेटवरच्या दोन माणसांवर ठरायचा. रेल्वे हे मोजायचीसुद्धा. हजार टन वजन एक किलोमीटर ओढायला किती किलो कोळसा लागला, असा तो हिशेब. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीकडून विजेच्या तारा भुसावळपर्यंत आल्या आणि हळूहळू फावडं गेलं. पण आधीच पॉवर बंद करून गाडी वाहू द्यायची ती युक्ती गेली नाही. तिला कोस्टिंग म्हणतात आणि आजच्या लोको पायलटलाही ती शिकवली जाते.

एसटीतही हाच प्रकार. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली बस सुटली त्या महामंडळात 'के.पी.टी.एल.' नावाचा एक आकडा ड्रायव्हरांच्या डोक्यावर कायम लटकत असतो. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर? एकाच डेपोतली, एकाच मॉडेलची बस दोन ड्रायव्हरांच्या हातात वेगवेगळा आकडा देते, हे कुठल्याही डेपोत विचारा.

थोडक्यात काय, तर मायलेज यंत्राइतकंच माणसाच्या हातात असतं हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. खाजगी मोटारवाल्याला मात्र ते शिकायची गरज पडली ती दोन टंचाईंमुळे.

पहिली टंचाई: मागे शेगडी बांधलेली मोटार

पहिली दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि रस्त्यावर कोळशावर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या. गाडीच्या मागे एक मोठं नळकांडं, त्यात लोणारी कोळसा. तो अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू जळतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. म्हणजे एका अर्थी मोटारीला फायरमनची ड्यूटी आली! निघायच्या आधी भट्टी पेटवून ठेवायची, वाटेत राख झाडायची, गाळणी साफ करायची. या वायूत निम्म्याच्या आसपास निरुपयोगी नायट्रोजन, त्यामुळे इंजिनाची ताकद चांगलीच घटायची. चढ आला की प्रवासी खाली उतरून चालायचे, प्रसंगी ढकलायचेसुद्धा. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, आणि लोकांनी ते नळकांडं आनंदाने भंगारात काढलं. त्या काळातली एकही टीप आजच्या यादीत शिल्लक नाही, कारण ते यंत्रच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी टंचाई: यादीचा जन्म

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्राएल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. आपण तेल बाहेरून आणणारे, त्यामुळे फटका जबर. नोव्हेंबरात पेट्रोलचे भाव चढले तेव्हा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून हायवेवरचा वेग ताशी ५५ मैलांवर (म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर) आणला. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ला मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल लागलं, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बातमी.

पण तेल सापडणं वेगळं आणि पुरणं वेगळं. म्हणून १९७६ मध्ये सरकारने पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन अ‍ॅक्शन ग्रुप उभा केला आणि १९७८ मध्ये त्याची पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पी.सी.आर.ए., झाली. पंपावरचे फलक, जाहिराती, पत्रकं यांतून ती यादी घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा या संस्थेचा. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवलंत तर ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर जाल. टायरमधली हवा पाव हिश्शाने कमी असेल तर ५ ते १० टक्के पेट्रोल जास्त जाईल. वगैरे.

आता ही यादी कोणत्या गाड्यांसाठी होती? रस्त्यावर होत्या अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट. फियाट म्हणजे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, पुढे पद्मिनी नाव मिळालेली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि कार्बोरेटर. इथे जरा थांबू, कारण अर्ध्या यादीचं रहस्य या कार्बोरेटरमध्ये आहे.

एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण सांभाळायचं काम कार्बोरेटर करायचा, आणि तेही एकाही सेन्सरशिवाय! अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढलं जातं. बस. बाकी सगळं मेकॅनिकच्या स्क्रू-ड्रायव्हरवर. स्क्रू अर्धा फेरा इकडे झाला की मिश्रण जाड, पेट्रोल वाया. तिकडे झाला की पातळ, गाडी झटके खाणार. जेट झिजायचे, कचरा अडकायचा. म्हणून 'ट्यूनिंग करा' ही टीप सोळा आणे खरी.

फिल्टर तुंबला की गळ्यातला दाब आणखी कमी होतो आणि जास्त पेट्रोल ओढलं जातं. म्हणून 'एअर फिल्टर साफ ठेवा' खरी. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण मुद्दाम जाड करायचं आणि इंजिन गरम झालं की चोक आठवणीने आत ढकलायचा. म्हणून 'गरम करून मग काढा' हीसुद्धा खरी. (भुसावळला मे महिन्यात उलटा त्रास. ४५-४६ डिग्रीत पेट्रोल पाइपमध्येच उकळायचं, पंप नुसती वाफ ओढत बसायचा आणि गाडी भर रस्त्यात बंद. मग पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली वाट बघायची. पेट्रोल पंप म्हणजे इंजिनावरचा हो, हायवेवरचा नाही!)

आणि उतारावरचा न्यूट्रल? गाडी गिअरमध्ये उताराने धावत असताना इंजिन जोरात फिरतं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला असला तरी कार्बोरेटरला ते कळायचं काही साधन नाही. इंजिन फिरतंय म्हणजे आयडल जेटमधून पेट्रोल ओढलं जाणारच. न्यूट्रल टाकला की फेरे कमी, पेट्रोल कमी. म्हणजे पेट्रोलपुरता विचार केला तर त्या काळी हीसुद्धा बरोबर होती. ब्रेकच्या दृष्टीने तेव्हाही धोक्याचीच, पण बचत खरी होती.

स्क्रू नाहीसा होतो

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली. ७९६ सीसी, आणि वजन पद्मिनीपेक्षा दोनेकशे किलो कमी. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या स्कूटरींच्या देशात तिच्या जाहिरातीचा सूरच असा होता, की टाकी भरा आणि विसरून जा. मायलेज पहिल्यांदाच तयार, कारखान्यातूनच विकत मिळायला लागलं.

खरा बदल मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे आला. १९९५ मध्ये महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी युरो नियम सक्तीचे केले आणि २००० पासून देशभर नवे नियम लागू झाले. कन्व्हर्टरला १४.७ चं प्रमाण फार काटेकोर हवं असतं. ते स्क्रूच्या आवाक्यात नाही. मग आलं एमपीएफआय. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, आणि सेकंदाला अनेकदा हिशेब करणारा एक छोटा कॉम्प्युटर. फायरमन जे धुराकडे बघून करायचा तेच काम, फक्त आता बघणारा डोळा सेन्सरचा.

आणि इथेच गोची झाली. कोळशाचं नळकांडं गेलेलं सगळ्यांना दिसलं होतं. कार्बोरेटर गेला तो बंद बॉनेटखाली, गुपचूप. यंत्र बदललं, यादी तशीच राहिली.

मग आज यादीतलं काय उरलं?

ट्यूनिंग: स्क्रूच नाही, तर फिरवणार काय? वेळेवर सर्व्हिसिंग आणि चांगले प्लग एवढंच.

एअर फिल्टर: यावर अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चाचण्या घेतल्या. इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडत नाही, फक्त पिकअप मंदावतो. कॉम्प्युटर आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडतो, मग फरक पडणार कुठून? आपल्या धुळीत इंजिनाच्या तब्येतीसाठी फिल्टर बदलायलाच हवा. मायलेजच्या आशेने मात्र नको.

गरम करणं: चोक गेला, कारण गेलं. उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं! सुरू करा आणि पहिले एक-दोन किलोमीटर सबुरीने चालवा.

आता उतारावरचा न्यूट्रल. हा नीट वाचा. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकलात तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे जी टीप बचतीची होती तीच आता खर्चाची झालीय. वर इंजिनाचा ब्रेक गेला तो गेलाच. पुण्याहून भुसावळला येताना अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला येतो आपण, किंवा चाळीसगावकडे कन्नडचा घाट. तिथे सगळा भार एकट्या ब्रेकवर आला की ते तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात. काही महाभाग तर पुढे जाऊन चावीच बंद करतात! इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपणार, पॉवर स्टिअरिंग जड होणार, आणि चावी जास्त मागे फिरून निघालीच तर स्टिअरिंग लॉक. भाड्याच्या गाडीत मी एका ड्रायव्हरदादांना हे करताना पाहिलंय. चांगले वीस वर्षांच्या अनुभवाचे गृहस्थ. त्यांना गाडी चालवायला शिकवलं ते पद्मिनीवर, आणि शिकवणाऱ्याने त्या काळापुरतं बरोबरच शिकवलं होतं.

आता न बदललेल्या टिपा. या यंत्राच्या नाहीत, निसर्गनियमांच्या आहेत.

एक, वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर विरोध दीडपटीहून जास्त. समृद्धी महामार्गावर परवानगी आहे म्हणून १२० धरलेत तर सव्वादोनपट. ४५-५५ चा जुना आकडा चार गिअरच्या गाड्यांचा होता. आजच्या पाच-सहा गिअरच्या गाड्या टॉप गिअरमध्ये ६०-७० लाही खूश असतात. आकडा सरकला, नियम तोच.

दोन, हवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे की चारही टायरांत एक पौंड हवा कमी असेल तर मायलेज ०.२ टक्के घटतं. म्हणजे ३३ ऐवजी २५ असेल तर दीड टक्क्याच्या वर. पी.सी.आर.ए.च्या जुन्या आकड्यापेक्षा हा बराच कमी आहे, पण काहीही न करता मिळणारे पैसे कोण सोडेल? शिवाय टायर वेळेआधी झिजतात आणि उन्हाळ्यात फुटायची भीती, ते वेगळंच. मोजायची मात्र सकाळी, गाडी थंड असताना. पाच-सहा डिग्री तापमान वाढलं की एक पौंड दाब वाढतो, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी जास्त दिसली म्हणून हवा काढून टाकू नका.

तीन, ब्रेक. ही माझी लाडकी, कारण ही अस्सल भुसावळी आहे. एक टनाची गाडी ६० च्या वेगात आणायला साधारण १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल लागतं (गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेतच झालंय, करून बघा). करकचून ब्रेक दाबला की त्या सगळ्याची उष्णता होऊन हवेत जाते. असे पन्नास-साठ ब्रेक म्हणजे एक लिटर गेलं. त्यापेक्षा लांबून लाल सिग्नल दिसला की पाय काढा आणि गिअरमध्येच गाडी वाहू द्या. लोको पायलट स्टेशनच्या आधी करतो तेच. नव्या विजेच्या इंजिनांत तर आणखी मजा आहे. ती ब्रेक लावताना मोटरचा जनरेटर करून वीज परत तारेत पाठवतात. आपल्या पेट्रोलच्या गाडीला तेवढी अक्कल नाही, ती पायातच आणावी लागते.

आणि जे आपल्या हातात नाही

गेल्या काही वर्षांत "गाडी कमी द्यायला लागली" अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यातला काही भाग खरा आहे. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहा-सात टक्के. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी ३ ते ४ आणि त्यासाठीच जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. ही घट कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही. आणि नेमकी अशाच वेळी पेट्रोलच्या नळीला लावायची लोहचुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या विकणारे उगवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं त्यात एकही निघालं नाही. ते पैसे टाकीत घाला.

एवढं करूनही आपली गाडी खरंच किती देते हे कळायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा, आणि गेलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागा. असं सलग पाच-सहा वेळा. मग यादीतली एकेकच गोष्ट बदलून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर फरक कशाने पडला ते कळणार नाही, हे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. उतारावर मात्र कुठलाही प्रयोग करायचा नाही. तिथे गाडी गिअरमध्येच.